लग्नाच्या दिवशी फोटोंचं वेळापत्रक कोलमडतं कुठे आणि त्यावर उपाय काय

तक्रारी ठरलेल्या असतात. मुहूर्त 12 वाजून 32 मिनिटांचा, हॉल सकाळी सहापासून ताब्यात, फोटोग्राफर वेळेवर हजर. तरी अल्बम हातात आला की जोडीचे धड फोटो चार-पाचच, तेही घामाघूम चेहऱ्यांचे. दोन्हीकडचे आजी-आजोबा एका फोटोत नाहीत. अंतरपाट खाली आला त्या क्षणी नवरीच्या तोंडासमोर कुणाचा तरी मोबाईल. गृहप्रवेशाचे फोटो घरच्याच कुणीतरी काढलेले, हललेले.

मग सगळं खापर फोटोग्राफरच्या डोक्यावर. कधी त्याची चूक असतेही. पण बहुतेक वेळा बिघाड आदल्या महिन्यातच झालेला असतो. मुहूर्ताची वेळ पत्रिकेवर छापली, बाकीच्या वेळा 'बघू त्या दिवशी' म्हणून सोडून दिल्या आणि फोटोंना वेगळा वेळ लागतो हे कुणी धरलंच नाही. लग्नात हलवता न येणारी वेळ एकच, मुहूर्ताची. बाकी सगळं तिच्या मागे-पुढे बसवायचं असतं, आणि त्यातले निम्मे फोटो मुहूर्ताच्या आधी उरकता येतात हे लक्षात आलं की अर्ध्या तक्रारी मिटतात.

खालचं सगळं दुपारच्या मुहूर्ताच्या, एकाच हॉलमधल्या मराठी लग्नाला धरून लिहिलं आहे. संध्याकाळी स्वागत समारंभ आहे असं मानलं आहे. गोरज मुहूर्त आणि उन्हाळ्यातलं लॉन यांच्या अडचणी पुढे वेगळ्या दिल्या आहेत.

वेळ नेमका कुठे गळतो

सगळ्यांना वाटतं विधी लांबतात. विधी लांबतात, पण गुरुजींना आधी विचारलं तर ते पंधरा मिनिटांच्या फरकाने वेळ सांगू शकतात. न सांगता वेळ खाणारी ठिकाणं वेगळीच आहेत.

साडी बदलणं हे त्यातलं सगळ्यात मोठं. घरचे म्हणतात 'दहा मिनिटांत येते'. प्रत्यक्षात पिवळी अष्टपुत्री सोडून शालू नेसायचा, दागिने बदलायचे, गजरा पुन्हा माळायचा, मेकअप सावरायचा, यात 40 ते 45 मिनिटं जातात. नऊवारी असेल तर नेसायलाच 20 ते 30 मिनिटं, आणि नेसवणारी बाई त्याच वेळी करवलीला नेसवत असली तर आणखी थांबा. दिवसात तीन साड्या ठरवल्या असतील तर दोन बदलांत दीड तास गेला असं धरूनच चला. आमचं मत विचाराल तर लग्नाची एक आणि संध्याकाळची एक, एवढ्या दोनच ठेवाव्यात. शालू संध्याकाळसाठी राखला की मधला एक बदल वाचतो आणि त्याच शालूत जोडीचे फोटोही होतात.

दुसरं ठिकाण फेट्यांचं. एक फेटेवाला एका फेट्याला दोन-तीन मिनिटं घेतो. चाळीस फेटे सांगितले असतील तर दीड ते दोन तास झाले, आणि वाजंत्री बाहेर ताटकळत उभी. नवरा बिचारा सगळ्यांना आग्रह करत बसतो आणि स्वतः शेवटी बांधून घेतो. मग त्याचे एकट्याचे फोटो राहतात. फेटेवाले दोन सांगा आणि नवरा, त्याचे वडील, भाऊ यांचे फेटे सगळ्यांत आधी बांधून घ्या.

तिसरं, नवरीच्या आईचा मेकअप. मेकअप करणारी बाई एकच, तिने आधी नवरीला घेतलं आणि आईचा नंबर शेवटी लागला, की नवरी तयार होऊन बसलेली असते आणि 'आई-बाबांसोबत एक' म्हटलं तर आई खुर्चीत डोळे मिटून बसलेली. आईला सकाळी सगळ्यांत आधी तयार करा. पुण्याहवाचनाच्या फोटोतही मग ती नीट दिसते.

चौथं ठिकाण स्टेजवरच्या रांगेचं. इथे हिशेब सरळ आहे. स्टेजवर येणारा एक गट भेटून, पाकीट देऊन, फोटो काढून उतरेपर्यंत 30 सेकंद घेतो. असे दीडशे गट म्हणजे 75 मिनिटं, आणि ही रांग सुरळीत सरकली तर. पाचशे पाहुण्यांच्या लग्नात अर्ध्या तासात भेटीगाठी उरकतील असं कुणी म्हणत असेल तर त्याला हा गुणाकार करून दाखवा.

मुहूर्तापासून उलट्या दिशेने मोजणी

सकाळपासून पुढे मोजत गेलं की प्रत्येक उशीर मुहूर्तावर येऊन आदळतो. मुहूर्तापासून मागे मोजलं की कुठली गोष्ट किती वाजता संपलीच पाहिजे हे दिसतं. 12:32 च्या मुहूर्ताचा एक चालणारा आराखडा असा:

6:15 नवरीची आई आणि बहीण मेकअपला
7:00 ते 8:00 देवक, पुण्याहवाचन
8:15 नवरी मेकअपला
9:00 फेटे सुरू, नवरा पहिला
9:45 ते 10:15 नवरा एकटा, मग त्याच्या घरच्यांसोबतचे ग्रुप
10:30 नवरीची साडी, दागिने, मुंडावळ्या पूर्ण. नवरा मारुतीच्या दर्शनाला रवाना
10:30 ते 10:50 नवरी एकटी
10:50 ते 11:20 नवरीकडचे ग्रुप
11:20 नवरी गौरीहरापुढे
11:30 नवरा हॉलच्या दाराशी, ओवाळणं
12:05 नवरा पाटावर उभा
12:10 मामा नवरीला घेऊन येतात
12:15 मंगलाष्टकं
12:32 हार
12:35 ते 1:10 भेटीगाठींची पहिली फेरी
1:15 ते 2:45 कन्यादान, मंगळसूत्र, होम, सप्तपदी
2:45 ते 3:10 दोन्हीकडचे एकत्र ग्रुप
3:10 ते 3:45 नवरा-नवरीचं जेवण, घास, उखाणे
3:45 झाल, पाठवणी
4:00 ते 4:45 शालू
5:00 ते 5:40 जोडीचे फोटो

घरोघरी क्रम बदलतो. कुणाकडे सीमांतपूजन आदल्या संध्याकाळी, कुणाकडे सकाळी. कुणाकडे होम मंगलाष्टकांच्या आधीच उरकतात. तो बदल गुरुजींना विचारून करा, पण उलटी मोजणी तीच ठेवा.

या आराखड्यात नवऱ्याकडचे आणि नवरीकडचे ग्रुप वेगवेगळ्या वेळी, मुहूर्ताच्या आधी घेतले आहेत. मुहूर्ताआधी एकमेकांचं तोंड बघायचं नाही ही रीत पाळणाऱ्या घरांत जोडीचे फोटो आधी काढता येत नाहीत, आणि त्यावरून वाद घालण्यात अर्थही नाही. पण नवऱ्याच्या मावश्या, आत्या, मामा नवऱ्यासोबत सकाळी उभे राहू शकतात. तेव्हा फेटे ताजे असतात, साड्यांना चुरगळ नसते आणि कुणी 'जेवून येतो' म्हणून गायब झालेलं नसतं. दोघांच्या वेळा एकमेकांवर येत नसल्यामुळे फोटोग्राफर एकच असला तरी जमतं. देवदर्शन आणि मिरवणूक मात्र मग व्हिडिओवाल्याकडे सोपवावी लागते.

मिरवणुकीचा अंदाज हमखास चुकतो. अंतर तीनशे मीटर असलं तरी नाचणारी मंडळी जोशात असली की पाऊण तास सहज. दाराशी 11:30 ला पोहोचायचं असेल तर बँडवाल्याला 11:20 सांगा, आणि वेळ झाली की 'आता चला' म्हणणारा एक वडीलधारा काका मिरवणुकीतच ठेवा. मित्रमंडळीला हे काम देऊ नका.

हळद अडकते तेव्हा

हळद आदल्या दिवशी असेल तर प्रश्न नाही. लग्नाच्या दिवशी सकाळी ठेवली की सगळा दिवस एका ताटलीवर अडकतो. उष्टी हळद आधी नवऱ्याला लागते आणि तीच उरलेली नवरीकडे येते. नवऱ्याकडची मंडळी दुसऱ्या गावाहून गाडीने निघालेली असतील, वाटेत चहाला थांबली असतील, तर नवरी पाटावर नुसती बसून राहते. मेकअपची बाई घड्याळ बघते आणि फोटोग्राफर रांगोळीचे फोटो काढत राहतो.

उपाय दोन. शक्य असेल तर हळद आदल्या संध्याकाळी, दोन्ही घरं एका गावात आल्यावर करा. ते शक्य नसेल तर नवऱ्याची हळद सकाळी सहाला उरकून उष्टी हळद एका माणसासोबत वेगळ्या गाडीने पुढे पाठवा. सगळं वऱ्हाड निघायची वाट बघू नका. हळदीनंतर अंघोळ, केस वाळवणं आणि चेहऱ्यावरचा पिवळा रंग उतरवणं यात 40 मिनिटं धरा. हळद चेहऱ्यावर जाड थापली की ती नीट उतरत नाही, मेकअपखालून पिवळी झाक येते आणि फोटोत मान एका रंगाची, चेहरा दुसऱ्या रंगाचा दिसतो. गालांना बोट लावा, हाता-पायांना हवी तेवढी चोळा.

अंतरपाटाचा क्षण हुकतो

अख्ख्या दिवसात पुन्हा न मिळणारे असे दोन-तीन सेकंदच असतात, आणि नेमके तेच बिघडतात.

कारण बहुधा जागेचं असतं. अंतरपाटाच्या एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला नवरी, एकाचं तोंड पूर्वेला आणि दुसऱ्याचं पश्चिमेला. दोघांचे चेहरे एका फोटोत हवे असतील तर कॅमेरा अंतरपाटाच्या कडेशी, काटकोनात असला पाहिजे. प्रेक्षकांकडची तीच बाजू असते आणि तिथेच मंगलाष्टकं म्हणणाऱ्या आत्या माईक घेऊन उभ्या राहतात. माईकचा स्टँड, गुरुजींचा सहायक आणि अक्षतांचं ताट धरलेली करवली अशी तिघांची गर्दी मधोमध जमते. आदल्या दिवशी स्टेजवर खडूने चार खुणा करा: नवरा, नवरी, गुरुजी, कॅमेरा. माईक स्टेजच्या टोकाला न्या. दुसरा कॅमेरा असेल तर तो नवऱ्याच्या खांद्यामागून नवरीच्या चेहऱ्यावर लावून ठेवा, आणि उंचावरून घ्यायचा असेल तर शिडी प्रेक्षकांच्या मागे आधीच लावून ठेवा. ऐन वेळी शिडी आणायला गेलेला पोरगा मंगलाष्टकं संपल्यावर येतो.

गुरुजींशी पाच मिनिटं बोला. अंतरपाट कोण धरणार, तो खाली घेणार की उत्तरेकडे ओढून काढणार, नवरीने आधी हार घालायचा की नवऱ्याने, हे सगळं त्यांच्याकडून ठरवून घ्या. 'हार गळ्यात टाकल्यावर दोन सेकंद हात तसेच ठेवा' ही सूचना नवरा-नवरीला गुरुजींनी दिली तर पाळली जाते. फोटोग्राफरने ओरडून दिली तर ते दोघंही कॅमेऱ्याकडे बघतात आणि क्षण जातो.

मंगलाष्टकं लांबण्याचा प्रश्न नाजूक आहे, कारण प्रत्येक आत्याला आपलं म्हणायचं असतं. सतरा मिनिटांत सहा-सात कडवी रमतगमत बसतात. त्याहून जास्त जण असतील तर नावं आणि क्रम आदल्या दिवशी लिहून गुरुजींच्या हातात द्या. मुहूर्त जवळ आला की ते स्वतःच 'सावधान' करून पुढे नेतील आणि कुणी फोटोग्राफरवर रुसणार नाही.

अक्षता हवेत गोठलेल्या हव्या असतील तर कॅमेऱ्याच्या शटरचा वेग 1/500 सेकंदाच्या आसपास लागतो. स्वस्त एलईडी दिव्यांखाली एवढ्या वेगाला फोटोवर आडवे काळपट पट्टे येतात, कारण 50 हर्ट्झच्या विजेवर हे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होत असतात. पट्टे टाळायचे तर 1/50 किंवा 1/100 वर यावं लागतं आणि मग अक्षता रेघा होतात. यातून वाट म्हणजे 1/100 ठेवून फ्लॅश वापरणं. स्टेजवरचे दिवे फ्लॅशपुढे मंद ठेवले तर फ्लॅशचा क्षणिक उजेड अक्षता गोठवतो. फोटोग्राफरने सकाळी रिकाम्या स्टेजवर पाच फोटो काढून हे तपासलेलं असावं. मागे एलईडीची भिंत लावली असेल तर हमखास तपासावं, कारण तिची लुकलुक वेगळीच असते.

मुंडावळ्यांचंही इथेच सांगतो. बाजूने घेतलेल्या फोटोत मोत्यांची सर बरोबर डोळ्यावर येते. कपाळावरचा पट्टा केसांच्या रेषेजवळ बांधा, लोंबणारी सर कानावरून मागे घ्या आणि एका यू-पिनेने केसांत अडकवा. करायला अर्धं मिनिट लागतं, पण विसरलं तर सगळ्या विधींच्या फोटोंत तीच अडचण.

विधी चालू असताना स्टेजवर बोलावणी

हार पडले की पाहुणे भेटायला उठतात. गुरुजी होमाची तयारी करून बसलेले, नवरा-नवरी एक पाय पाटावर आणि एक स्टेजच्या पायरीवर. 'साहेब निघालेत, दोन मिनिटं या' असं करत कन्यादान तीनदा थांबतं. विधींचे फोटो तुटक येतात आणि भेटीगाठींच्या फोटोंत नवऱ्याच्या हातात पळी असते.

मधली पस्तीस मिनिटं वर आराखड्यात ठेवली आहेत ती यासाठी. ज्यांना लगेच निघायचं आहे त्यांनी तेव्हा भेटावं, बाकीच्यांनी पंगतीला बसावं, आणि हे माईकवरून एकदा नव्हे, दोनदा सांगावं. एकदा विधीला बसलं की उठायचं नाही. उरलेली मंडळी संध्याकाळी भेटतील. संध्याकाळचा समारंभ नसेल तर ही फेरी तासाभराची करा आणि गुरुजींना विधी पावणेदोनला सुरू होतील असं आधीच सांगा. मुहूर्त साधल्यावर ते सहसा अडवत नाहीत.

विधींत हुकणाऱ्या गोष्टी ठरलेल्या. कन्यादानाच्या वेळी आई-वडिलांच्या हातांवर पाणी पडतं तेव्हा कॅमेरा सगळ्यांच्या चेहऱ्यांवर असतो. कानपिळीला नवरीचा भाऊ सापडत नाही, कारण त्याला जेवणावर लक्ष ठेवायला खाली पाठवलेलं असतं. सप्तपदीत सात राशी एकमेकींना खेटून मांडल्या की पावलं एकात एक येतात. राशींमध्ये वीतभर अंतर ठेवायला सांगा आणि एक फोटोग्राफर जमिनीलगत बसू द्या. होमकुंडाशेजारी पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या, चपला, कुणाची तरी पर्स आणि मोबाईलचा चार्जर पडलेला असतो. हे उचलायचं काम विधी सुरू व्हायच्या आधी एका भाचीला द्या.

होमाचा धूर बंद हॉलमध्ये कोंडतो. एसी चालू आणि दारं बंद असली की दहा मिनिटांत नवरीचे डोळे लाल, काजळ पसरलेलं. समिधा ओल्या नसाव्यात, तूप बेताने घालावं, आणि हॉलवाल्याला धूर ओढणारे पंखे होमापासूनच लावायला सांगावं. काही हॉलमध्ये धुराची घंटा वाजते. तिचं काय करायचं हे बुकिंगच्या वेळीच विचारून ठेवा.

ग्रुप फोटोंची यादी

एका ग्रुपला माणसं गोळा करून, उभं करून, तीन-चार वेळा क्लिक करून उतरवेपर्यंत दोन-तीन मिनिटं लागतात. वीस ग्रुप म्हणजे तासभर. म्हणून एकत्र ग्रुप आठ-दहाच ठेवा आणि यादीत नात्यांऐवजी नावं लिहा. 'आत्या' लिहिलं तर कुठली आत्या हा घोळ होतो.

माणसं गोळा करायचं काम फोटोग्राफरचं नाही, त्याला कुणी ओळखत नाही. प्रत्येक बाजूने खणखणीत आवाजाची आणि सगळ्यांना नावानिशी ओळखणारी एक मावशी किंवा काका नेमा. मामा नको, त्यांना नवरीला आणायचं असतं. भाऊ नको, त्याला कानपिळीला जायचं असतं. एक ग्रुप उभा असताना पुढचा स्टेजच्या पायरीशी तयार असला पाहिजे, एवढंच त्या माणसाने पाहायचं.

आजी-आजोबांचे फोटो सगळ्यांत आधी, खुर्च्या मांडून. स्टेजच्या पायऱ्या चढायला त्रास असेल तर नवरा-नवरीने खाली यावं. आजींना दोन जणांनी धरून वर चढवण्यात दहा मिनिटं जातात आणि त्यांचा चेहराही ओढल्यासारखा येतो. याच वेळी दोघांचा हार घातलेला, चेहरे स्पष्ट दिसणारा एक साधा समोरून फोटो घेऊन ठेवा. विवाह नोंदणीच्या कागदपत्रांत लग्नाचा फोटो लागतो, आणि अल्बममधल्या कलात्मक फोटोंत नेमका तसा एकही नसतो.

उजेड

हॉलमधली जुनी तक्रार म्हणजे चेहरे जांभळे. स्टेजवर फिरणारे रंगीत दिवे सजावटीला छान दिसतात, फोटोत नवरीच्या कपाळाला हिरवा आणि गालाला गुलाबी रंग लावतात. संगणकावर हे नीट काढता येत नाही. डेकोरेटरला लेखी सांगा: मंगलाष्टकं ते सप्तपदी स्टेजवर एकाच रंगाचे, स्थिर, पिवळसर पांढरे दिवे. रंगीत खेळ संध्याकाळी. खिडकीतला दिवसाचा उजेड एका बाजूने आणि पिवळे दिवे दुसऱ्या बाजूने पडत असतील तर पडदे ओढून घ्या किंवा दिवे बंद करा. दोन्ही एकत्र ठेवले तर अर्धा चेहरा निळसर आणि अर्धा नारिंगी येतो. नवरीचे एकटीचे फोटो मात्र खिडकीच्या उजेडातच घ्यावेत, खोलीतली ट्यूब बंद करून.

लॉनवरच्या मांडवात कापडाचा रंग महत्त्वाचा. लाल-पिवळ्या छताखाली सगळी माणसं कावीळ झाल्यासारखी दिसतात. छताचं कापड पांढरं घ्या, रंग हवा तर कनाती आणि झालरींना द्या.

मे महिन्यातल्या उघड्या लॉनवर दुपारचा मुहूर्त म्हणजे वेगळंच संकट. पुण्यात 13-14 मेच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. तेव्हा माध्यान्ह घड्याळात साधारण साडेबाराला असते. मुंबईत हा दिवस एक-दोन दिवसांनी, नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात. म्हणजे 12:32 चा मुहूर्त उघड्यावर धरला तर भुवयांची सावली थेट डोळ्यांवर, नाकाची ओठांवर, आणि दोघंही डोळे बारीक करून उभे. फोटोग्राफर कितीही चांगला असो, यावर उपाय फक्त छत. डिसेंबरात ऊन दक्षिणेकडून तिरपं येतं. मांडवाची दक्षिण बाजू कनातीने बंद केली की काम भागतं.

गोरज मुहूर्ताला उजेड हातातून निसटतो. डिसेंबरच्या सुरुवातीला पुण्या-मुंबईत सूर्यास्त सहाच्या सुमारास, नागपुरात साडेपाचलाच. मेच्या मध्यावर मुंबईत सातच्या जरा पुढे, नागपुरात पावणेसातच्या आसपास. पुण्याचं वेळापत्रक जसंच्या तसं नागपूरला नेलं की जोडीचे फोटो अंधारात जातात ते या अर्ध्या तासाच्या फरकामुळे. सूर्यास्तानंतर वीस मिनिटांत उजेड जवळपास संपतो, मंगलाष्टकं सुरू होताना दिवस असतो आणि हार पडताना रात्र. स्टेजचे दिवे सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी लावून ठेवा, म्हणजे ऐन वेळी 'लाईट लावा रे' अशी धावपळ होत नाही. जोडीचे फोटो गोरज लग्नात त्या दिवशी होणारच नाहीत असं धरा. दुसऱ्या दिवशी सकाळी देवदर्शनाला जाताना अर्धा तास काढा. पूजेच्या साडीत, उतरलेल्या ताणाने ते उलट चांगले येतात.

ड्रोन सांगितला असेल तर 2021 च्या ड्रोन नियमांनुसार जागा हिरव्या (सहसा परवानगी न लागणाऱ्या), पिवळ्या (परवानगी लागणाऱ्या) की लाल (बंदीच्या) भागात येते हे डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटच्या नकाशावर आधी बघा. विमानतळाजवळच्या लॉनवर तो बहुधा उडवता येत नाही, आणि हे लग्नाच्या सकाळी कळून उपयोग नाही. मंगलाष्टकांच्या वेळी तर तो नकोच. आवाजाने काही ऐकू येत नाही आणि पंख्याच्या वाऱ्याने अंतरपाट फडफडतो.

फोटोग्राफरशी ठरवताना

'पूर्ण दिवस' हा शब्द करारात ठेवू नका. किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, किती माणसं, जादा तासाचे किती, हे लिहा. सकाळी सातला बोलावलं आणि दहा तास ठरले असतील तर तो संध्याकाळी पाचला मोकळा होतो, स्वागत समारंभ आणि गृहप्रवेश बाहेर राहतात. सकाळचं पुण्याहवाचन एका कॅमेऱ्यावर भागवून बाकीची माणसं नऊला बोलावली तर तेच तास रात्रीकडे सरकतात.

त्यांच्या जेवणाची वेळही ठरवा. 'सगळ्यांचं झाल्यावर बसा' म्हटलं की दुपारी चारला उपाशी माणूस जोडीचे फोटो काढतो. पहिल्या पंगतीला दोघं, ते उठले की बाकीचे. विधींवर कायम एक जण. सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं सकाळी एकाच मोबाईलवरून मिनिटाला मिनिट लावून घ्या, नाहीतर तीन कॅमेऱ्यांचे फोटो एकत्र लावताना सप्तपदी मंगलाष्टकांच्या आधी येते.

वेळापत्रकाचे दोन कागद करा. संपूर्ण आराखडा फोटोग्राफर, मेकअप, गुरुजी, डेकोरेटर आणि दोन्हीकडच्या नेमलेल्या माणसांकडे. घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त सहा ओळी, आणि त्यात प्रत्येक वेळ पंधरा मिनिटं अलीकडची. तीन पानांचा पीडीएफ कुणी उघडत नाही. पंधरा मिनिटांची जास्तीची जागा ठेवली आहे हे घरात कळलं की ती जागा चहाला जाते, म्हणून सांगू नका.

गृहप्रवेश

रात्रीची गोष्ट, म्हणून सगळ्यांत दुर्लक्षित. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक बंद करावे लागतात, त्यामुळे वरात त्याच्या आत दाराशी यायला हवी. साडेनऊ धरून हॉलमधून निघा. कॅमेरा नवरीच्या आधी घरात पोहोचलेला असावा आणि उंबऱ्याच्या आतल्या बाजूने, खाली बसून तयार असावा. माप एकदाच कलंडतं आणि ते आतल्या बाजूला. बाहेर उभ्या कॅमेऱ्याला फक्त पाठी मिळतात. दाराच्या डोक्यावरच्या एकुलत्या ट्यूबमुळे चेहऱ्यावर सावली येते, म्हणून आतल्या खोलीतले सगळे दिवे लावून ठेवा. उंबऱ्याच्या आत तीन फूट जागा मोकळी ठेवायला सासूबाईंनाच सांगा, कारण ओवाळायला आलेल्या बायकांना मागे सरकवणं फक्त त्यांनाच जमतं. तांदळात नाव लिहिण्याचं ताट, लक्ष्मीपूजनाचं साहित्य आणि बसायचे पाट संध्याकाळीच मांडलेले असावेत. हे सगळं मिळून चाळीस मिनिटांचं काम आहे, ते करारातल्या शेवटच्या तासात बसतं की नाही एवढं तपासून घ्या.